अपत्यवियुक्त माता

अपत्यवियुक्त माता : जिचे अज्ञान (कायद्याने वयात न आलेले) मूल तिच्या ताब्यात नसून पित्याच्या, पित्याकडील नातेवाइकांच्या किंवा अन्य पालकाच्या ताब्यात आहे, अशी माता. विवाहसंबंध तुटल्यावर मूल कोणाजवळ राहावे, हा प्रश्न न्यायालय सोडवू शकते. परंतु जिच्याजवळ ते राहात नाही, त्या मातेशी त्याचे नाते कसे टिकावे आणि तुटले असल्यास ते पुन्हा कसे जोडले जावे, हा प्रश्न हुकूमनाम्याने आपोआप सुटत नाही. प्रस्तुत नोंदीत अशा वियोगाची कारणे, त्यामागील कायदा, मुलाच्या व मातेच्या मनावर होणारे परिणाम आणि तुटलेले नाते पुन्हा जुळविण्याचे मार्ग यांचा विचार केला आहे.

येथे तीन संकल्पनांतील भेद लक्षात घ्यावा लागतो. ‘पालकत्व’ म्हणजे मुलाच्या शरीराविषयी व मालमत्तेविषयी निर्णय घेण्याचा कायदेशीर अधिकार, ‘ताबा’ म्हणजे मुलाला प्रत्यक्ष जवळ ठेवून त्याचे संगोपन करणे आणि ‘भेटीचा हक्क’ म्हणजे ताबा नसलेल्या मातेने वा पित्याने मुलाला ठराविक काळी भेटणे. नाते ही या तिहींहून वेगळी गोष्ट आहे. ताबा असूनही नाते नसू शकते आणि ताबा नसतानाही ते दृढ राहू शकते. अपत्यवियुक्त मातेला करावयाच्या साहाय्याची सुरुवात हा भेद समजण्यापासून होते.

वियोगाची कारणे : मूल मातेजवळ नसण्याची कारणे अनेकविध आहेत. काही वेळा न्यायालय पुराव्यानुसार ताबा पित्याकडे देते. काही वेळा तो तडजोडीत सोडला जातो. हिंदू विवाह अधिनियमात १९७६ साली परस्परसंमतीने घटस्फोटाची तरतूद समाविष्ट झाली. अशा घटस्फोटात पोटगी, स्त्रीधन, खटले मागे घेणे आणि मुलाचा ताबा यांची बोलणी बहुधा एकाच बैठकीत होतात व सुटका लवकर व्हावी म्हणून माता ताब्यावरील मागणी सोडून देते. सासरहून हाकलून दिलेल्या स्त्रीच्या बाबतीत मूल सासरीच ठेवून घेतले जाते. न्यायालयात जाईपर्यंत महिने लोटतात आणि ‘मूल येथे रुळले आहे’ हेच पुढे तिच्याविरुद्ध कारण ठरते. माहेरी तिला एकटीला आसरा मिळतो, पण मुलासह मिळत नाही, अशीही उदाहरणे आढळतात. दीर्घ आजार, मनोविकार, व्यसन, तुरुंगवास, पुनर्विवाह, दूरच्या गावची वा परदेशातील नोकरी आणि मोठ्या मुलाने स्वतः व्यक्त केलेली इच्छा ही आणखी काही कारणे होत.

यांतील थोडीच कारणे मातेच्या दोषाशी निगडित आहेत. तथापि समाज हा फरक क्वचितच करतो. ताबा नसलेला पिता ही सर्वसामान्य गोष्ट मानली जाते. ताबा नसलेल्या मातेविषयी मात्र ‘हिनेच काही केले असेल’ असा तर्क केला जातो. या कलंकामुळे अनेक स्त्रिया नव्या ठिकाणी आपल्याला मूल आहे हेच सांगत नाहीत. परिणामी मदतीचा पहिला मार्गच बंद होतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : जुन्या इंग्लिश सामान्य विधीनुसार वैध संततीवर पित्याचा जवळजवळ अनिर्बंध अधिकार असे. या स्थितीविरुद्ध लेखिका कॅरोलाइन नॉर्टन (१८०८–७७) यांनी लढा दिला. १८३६ मध्ये त्या पतीपासून विभक्त झाल्यावर पतीने तिन्ही मुलगे स्वतःकडे ठेवले व आईला भेटही नाकारली. त्यांच्या पत्रकांचा व खटपटीचा १८३९ च्या ‘कस्टडी ऑफ इन्फंट्स ॲक्ट’ या अधिनियमास मोठा हातभार लागला. त्यान्वये सात वर्षांखालील मुलांचा ताबा आणि त्याहून मोठ्या मुलांची भेट यांसाठी मातेला न्यायालयाकडे अर्ज करता येऊ लागला. मात्र व्यभिचार सिद्ध झालेल्या मातेस ही सवलत नव्हती. स्वतः नॉर्टन यांना या अधिनियमाचा तत्काळ उपयोग झाला नाही. कारण पतीने मुले स्कॉटलंडमध्ये ठेवली होती व तेथे तो लागू नव्हता. १८४२ मध्ये सर्वांत धाकट्या मुलाचा अपघातानंतर मृत्यू झाला आणि आई पोहोचण्यापूर्वीच त्याचे प्राण गेले होते. त्यानंतरच उरलेल्या दोघांना आईजवळ राहण्याची मोकळीक पतीने दिली.

पुढे भारताच्या राजकारणात अग्रभागी आलेल्या ॲनी बेझंट (१८४७–१९३३) यांचे उदाहरण नाते पुन्हा जुळण्याच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. धर्मोपदेशक पतीपासून १८७३ साली विभक्त होताना मुलगा डिग्बी पित्याकडे व मुलगी मेबल आईकडे, अशी वाटणी ठरली होती. १८७७ मध्ये संततिनियमनविषयक पुस्तिका प्रसिद्ध केल्याबद्दल बेझंट व चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्यावर खटला झाला. त्यानंतर पतीच्या अर्जावरून न्यायालयाने १८७८ मध्ये मेबलचा ताबा बेझंट यांच्याकडून काढून घेतला. त्यांची निरीश्वरवादी मते व ती पुस्तिका यांचा हा परिणाम होता. मुलीची आबाळ केल्याचा नव्हे. अपिलात भेटीची परवानगी मिळाली. परंतु प्रत्येक भेटीच्या वेळी इतके अडथळे व मनस्ताप निर्माण होत, की मुलांची ओढाताण थांबावी म्हणून त्यांनी मुले मोठी होईपर्यंत भेटी थांबविल्या. वयात आल्यावर दोन्ही मुले आपण होऊन आईकडे परत आली. न्यायालयाने काढलेला ताबा परत मिळाला नाही, नाते मात्र परत मिळाले. तथापि मधली वर्षे कायमची गेली, हेही या उदाहरणावरून ध्यानात येते.

भारतात १८५६ च्या हिंदू विधवा पुनर्विवाह अधिनियमाने विधवेच्या विवाहास मान्यता दिली. पण तिने पुनर्विवाह केल्यास मृत पतीच्या नातेवाइकांना तिच्या मुलांसाठी दुसरा पालक नेमण्याकरिता न्यायालयाकडे अर्ज करण्याची मुभाही त्याच अधिनियमाच्या तिसऱ्या कलमात होती. हा अधिनियम १९८३ मध्ये निरसित झाला. महाराष्ट्रात ज्या जातींत काडीमोड व पाट या चाली रूढ होत्या, त्यांतही पाट लावून गेलेल्या स्त्रीची आधीची मुले बहुधा पहिल्या नवऱ्याच्या भावकीत राहात. मूल हे कुळाचे, या समजुतीचे अवशेष आजही ताब्याच्या वादांत दिसतात.

भारतीय कायदा : ताब्याविषयीचा सर्वसाधारण कायदा पालक व पाल्य अधिनियम, १८९० हा आहे. त्याच्या सतराव्या कलमानुसार पालक नेमताना अज्ञानाचे कल्याण पाहावयाचे असते. त्यासाठी त्याचे वय, लिंग व धर्म, नियोजित पालकाचे शील व पात्रता इ. गोष्टी विचारात घेतल्या जातात आणि समजून-उमजून पसंती सांगण्याइतके मूल मोठे असल्यास त्याची पसंतीही लक्षात घेता येते. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ याप्रमाणे पिता व ‘त्याच्यानंतर’ माता हे नैसर्गिक पालक होत. मात्र पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः मातेकडे असावा, असेही त्यात म्हटले आहे. लेखिका गीता हरिहरन यांच्या याचिकेवर १९९९ मध्ये निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने ‘त्याच्यानंतर’ याचा अर्थ ‘पित्याच्या मृत्यूनंतर’ एवढाच नसून ‘पित्याच्या अनुपस्थितीत’ असा लावला व मातेचे पालकत्व पित्याच्या हयातीतही प्रभावी होऊ शकते, असे स्पष्ट केले. त्याच अधिनियमाच्या तेराव्या कलमाने अज्ञानाचे कल्याण हा सर्वोपरी निकष ठरविला आहे. मुस्लिम विधीत मातेचा संगोपनाचा अधिकार ‘हिजानत’ या नावाने ओळखला जातो. हनफी पंथानुसार तो मुलाच्या बाबतीत सात वर्षांपर्यंत व मुलीच्या बाबतीत ती वयात येईपर्यंत असतो. शिया विधीत या मर्यादा अनुक्रमे दोन व सात वर्षे आहेत. तेथेही न्यायालये कल्याणाच्या निकषाला प्राधान्य देत आली आहेत.

अपत्यवियुक्त मातेच्या दृष्टीने या कायद्यांतील तीन गोष्टी विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी, की ताब्याचा कोणताही हुकूम कायमचा नसतो. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ याच्या सव्विसाव्या कलमाखाली न्यायालय तो वेळोवेळी बदलू शकते आणि परिस्थिती पालटल्यास नव्याने अर्ज करता येतो. मुले ही मातापित्यांची चीजवस्तू वा खेळणी नव्हेत व ताब्याचे हुकूम मुलांच्या गरजेप्रमाणे बदलते असतात, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९७३ सालीच घेतली होती. दुसरी गोष्ट म्हणजे दारिद्र्य हे एकटे कारण मातेस अपात्र ठरवू शकत नाही; मुलाच्या पोषणाचा खर्च पित्यावर टाकून ताबा मातेकडे देता येतो. तिसरी म्हणजे विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ याच्या बाराव्या कलमानुसार प्रत्येक स्त्री, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत कायदेविषयक साहाय्यास पात्र आहे. जिल्हा व तालुका पातळीवर हे साहाय्य मिळते; परंतु पुष्कळ स्त्रियांना त्याची माहिती नसते.

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्कविषयक संहितेने (१९८९) हा प्रश्न मुलाच्या बाजूने मांडला. तिच्या नवव्या अनुच्छेदानुसार मातापित्यांपासून विभक्त झालेल्या मुलाला दोघांशीही नियमित वैयक्तिक संबंध व प्रत्यक्ष संपर्क ठेवण्याचा हक्क आहे. अपवाद फक्त त्याच्या हितास बाध येत असेल तेव्हाचा. भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. विधी आयोगाने २०१५ मध्ये सादर केलेल्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताबा, मध्यस्थी व भेटीविषयी मार्गदर्शक तत्त्वे यांची शिफारस केली. २०२० मधील एका निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्यक्ष भेटीबरोबरच दूरध्वनी वा दृक्‌संवादाद्वारे संपर्काचाही हुकूमनाम्यात समावेश असावा, असे सांगितले. ‘भेट हा मातेवर केलेला उपकार’ ही कल्पना मागे पडून ‘भेट हा मुलाचा हक्क’ ही कल्पना अशा रीतीने पुढे आली आहे.

मुलाचे मानस : मातेपासून दुरावलेले लहान मूल पुन्हा भेटते तेव्हा ते तिला बिलगेल, अशी सर्वांची अपेक्षा असते. प्रत्यक्षात बहुधा उलटे घडते. ब्रिटिश मनोविश्लेषक जॉन बोल्बी (१९०७–९०) व त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन (१९११–८८) यांनी रुग्णालयात व संगोपनगृहांत ठेवलेल्या लहान मुलांचे निरीक्षण करून वियोगाच्या तीन अवस्था वर्णन केल्या : प्रथम आक्रोश, नंतर नैराश्य आणि शेवटी अलिप्तता. तिसऱ्या अवस्थेत मूल शांत, खेळकर व ‘रुळलेले’ दिसते. पण आई आली असता तोंड फिरवते, तिने आणलेली वस्तू घेते व तिच्याकडे पाहात नाही. ही अलिप्तता विस्मरणामुळे येत नाही. दुःखापासून बचाव करण्याची ती मुलाची रीत असते. आई परत जवळ राहू लागल्यावर हीच मुले काही काळाने चिडखोर होतात व तिला क्षणभरही सोडत नाहीत. ज्या मातेला हे ठाऊक नसते ती पहिल्याच भेटीत ‘माझे मूल मला विसरले’ असा निष्कर्ष काढून खचते. न्यायालयात हजर असणारे नातेवाईकही त्याचा तोच अर्थ लावतात.

बोल्बी यांच्या निष्कर्षांत पुढे दुरुस्त्या झाल्या. मायकेल रटर यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले, की केवळ वियोगापेक्षा घरातील कलह आणि मिळणाऱ्या संगोपनाची प्रत यांचा परिणाम अधिक असतो व मूल एकाहून अधिक व्यक्तींशी स्नेहबंध जोडू शकते. त्यामुळे आजीशी वा आत्याशी जुळलेला बंध मातेच्या नात्याला मारक ठरतोच असे नाही. जूडिथ वॉलरस्टाइन व जोन केली यांनी कॅलिफोर्नियातील ६० घटस्फोटित कुटुंबांतील १३१ मुलांचा १९७१ पासून पाठपुरावा केला. दूर राहणाऱ्या पालकाची (त्या कुटुंबांत बहुधा पित्याची) ओढ मुलांना वर्षानुवर्षे राहते आणि भेटींचा अनियमितपणा त्यांना फार लागतो, असे त्यांना आढळले. ही कुटुंबे संख्येने थोडी व मध्यमवर्गीय होती, हे ध्यानात ठेवावे लागते. याउलट ॲना फ्रॉइड व तिच्या सहलेखकांनी १९७३ मध्ये असे प्रतिपादिले होते, की मुलाला एकाच घराचे सातत्य लागते. म्हणून भेटी द्याव्या की नाही हे ताबा असणाऱ्या पालकानेच ठरवावे. बहुतेक देशांच्या कायद्यांनी हे मत स्वीकारले नाही. परंतु सातत्याचा त्यातील आग्रह भेटींची योजना करताना आजही उपयोगी पडतो.

मातेची मनःस्थिती : मूल जिवंत आहे, पण जवळ नाही, अशा वियोगाला शोकाचे कोणतेही रूढ विधी नाहीत. पॉलीन बॉस या अमेरिकन अभ्यासिकेने अशा हानीला ‘अनिश्चित हानी’ असे नाव दिले आहे. तीत दुःख संपत नाही. कारण घटना संपलेली नसते. अपराधीपणा, लाज, संताप आणि मुलाच्या वाढदिवशी वा दिवाळीसारख्या सणांत उफाळून येणारी व्याकुळता या अवस्थेत आढळते. काही माता दुःख टाळण्यासाठी भेटी टाळू लागतात. बाहेरून मात्र ती बेपर्वाई वाटते. त्यामुळे मातेला दिलेले मानसिक साहाय्य हे मुलालाच दिलेले साहाय्य ठरते. निवारा, उत्पन्नाचे साधन, आजारावर उपचार आणि तिचे म्हणणे ऐकून घेणारी निदान एक व्यक्ती, या गोष्टी मिळाल्याशिवाय भेटींत स्थैर्य येत नाही.

पुनर्संबंधाची प्रक्रिया : तुटलेले नाते टप्प्याटप्प्यानेच जुळते आणि वेग मुलाने ठरवावयाचा असतो. पहिली भेट थोड्या वेळाची, मुलाला ओळखीच्या जागी आणि त्याचा विश्वास असलेल्या व्यक्तीच्या सोबतीने व्हावी. आलिंगन, पापा किंवा ‘मला आई म्हण’ असा आग्रह या भेटीत धरू नये. आत्याला किंवा आजीला ‘आई’ म्हणण्याची व खऱ्या आईला नावाने अथवा ‘मावशी’ म्हणून हाक मारण्याची सवय मुलाला लागलेली असते, तेव्हा हा प्रश्न विशेष नाजूक होतो. मुलाने वापरलेली हाक तात्पुरती स्वीकारावी. संबंध दृढ झाल्यावर मूल बहुधा स्वतःच वेगळी हाक शोधते. शेजारी बसून चित्र काढणे, चेंडू खेळणे, गोष्ट वाचणे यांसारख्या कृती थेट प्रश्नांपेक्षा अधिक उपयोगी पडतात.

यानंतरचा टप्पा नियमिततेचा. अगदी लहान मुलाची स्मृती अल्प असल्याने महिन्यातून एकदा दिवसभर भेटण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा तासभर भेटणे चांगले. शाळकरी मुलाला ठराविक वार व वेळ लागते; ‘शनिवारी चार वाजता’ हे शब्द त्याच्या दृष्टीने वचन असते. जे पाळता येणार नाही ते वचन मातेने देऊ नये. येणे अशक्य झाल्यास आधी कळवावे व पुढची तारीख सांगावी. ‘लवकरच तुला घेऊन जाईन’ असे आश्वासन सर्वांत घातक ठरते. कारण ते पाळणे तिच्या हाती नसते.

तिसऱ्या टप्प्यात भेटींना रोजच्या जीवनाचे रूप द्यावे लागते. हॉटेल, खेळणी व नवे कपडे यांच्याभोवती फिरणाऱ्या भेटींत माता पाहुणी राहते. गृहपाठ घेणे, एकत्र स्वयंपाक करणे, डोक्याला तेल लावून देणे, दवाखान्यात नेणे, चुकल्यास रागावणे यांतून ती पुन्हा आई होते. संबंध स्थिरावल्यावर मुक्काम आणि दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुट्ट्यांतील वास्तव्य यांची मागणी न्यायालयाकडे करता येते. सुट्टीचा काही भाग ताबा नसलेल्या पालकाकडे देण्याचे हुकूम सामान्यतः होतात.

दूर असलेल्या मातेसाठी पत्रे, दूरध्वनी व दृक्‌संवाद ही साधने आहेत. लहान मुलाशी दूरध्वनीवर दीर्घ बोलणे साधत नाही. रोज एक छोटी गोष्ट वाचून दाखविणे साधते. संपर्क पूर्णपणे रोखला गेला असल्यास वाढदिवसाची पत्रे, छायाचित्रे व भेटीच्या प्रयत्नांच्या तारखा जपून ठेवाव्यात. न्यायालयात त्यांचा उपयोग होतोच. शिवाय पुढे मूल ‘तू मला का शोधले नाहीस?’ असे विचारते तेव्हा त्याच्या हाती काही ठेवता येते.

हा प्रश्न किशोरवयात हमखास येतो व बहुधा रागाच्या रूपात येतो. त्याचे उत्तर खरे, थोडक्यात व वयाला साजेसे असावे. पित्याची निंदा केल्यास मुलाला ती स्वतःच्या अर्ध्या भागाची निंदा वाटते. याउलट सगळा दोष स्वतःकडे घेणे हेही असत्यच होय. मुलाकडून पित्याच्या घरची माहिती काढणे, त्याच्या हाती निरोप वा पैशांची मागणी पाठविणे आणि निघताना त्याच्यासमोर रडणे या तीन गोष्टींमुळे पुढील भेट त्याला ओझ्यासारखी वाटू लागते.

मुलाचा नकार : मूल भेटीस नकार देते तेव्हा कारण शोधावे लागते. प्रत्यक्ष झालेल्या दुर्वर्तनाची भीती, एकाची बाजू घेतल्यास दुसरा दुखावेल ही कोंडी, ताबा असणाऱ्या घरातील शिकवण किंवा केवळ वयानुसार मित्रांची ओढ, यांपैकी कोणतेही कारण असू शकते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रिचर्ड गार्डनर यांनी १९८५ मध्ये शिकवणीमुळे येणाऱ्या नकाराला ‘पालक-दुरावा संलक्षण’ असे नाव दिले. परंतु मनोविकारांच्या मान्य वर्गीकरणांत त्याला स्थान मिळालेले नाही आणि छळाच्या खऱ्या तक्रारी दाबण्यासाठी त्याचा वापर होतो, अशी टीकाही झाली. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मधील एका प्रकरणात या कल्पनेचा उल्लेख करून, बालपणीच आईपासून दुरावलेल्या सुमारे आठ वर्षांच्या मुलीला आईच्या सहवासाची संधी मिळावी म्हणून ताबा आईकडे दिला. २०२४ मध्ये मात्र ठोस घटनांच्या पुराव्याशिवाय असा शिक्का मारण्याची घाई न्यायालयांनी करू नये, असे बजावले. दोन्ही निर्णयांचा आशय असा, की मुलाचा नकार ऐकून घ्यावा, पण त्याच्या मुळाशी काय आहे हे तपासल्याशिवाय तो अंतिम मानू नये.

साहाय्यक यंत्रणा : कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ याने तडजोडीला प्राधान्य देऊन समुपदेशकांची नेमणूक व वैद्यकीय आणि समाजकल्याण तज्ज्ञांचे साहाय्य यांची तरतूद केली. मुंबईत असे न्यायालय १९८९ मध्ये सुरू झाले. न्यायालयाच्या आवारातील बालकक्षात होणाऱ्या भेटी सुरक्षित असतात. परंतु गर्दी, ठराविक वेळ आणि दोन्ही कुटुंबांतील तणाव यांमुळे तेथे मोकळेपणा येत नाही. म्हणून अशा भेटी ही सुरुवात मानून शक्य तितक्या लवकर घर, बाग वा ग्रंथालय अशा ठिकाणी जावे, असे समुपदेशक सुचवितात. ब्रिटनमध्ये स्वयंसेवकांनी चालविलेली भेट-केंद्रे हे काम करतात.

महाराष्ट्रात १९८० नंतरच्या दशकात परित्यक्ता स्त्रियांच्या प्रश्नावर परिषदा व मोर्चे झाले आणि पोटगीबरोबर मुलांचा प्रश्नही पुढे आला. टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने १९८४ मध्ये सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष पुढे राज्यभर विस्तारला. पोलीस ठाण्याच्या आवारातच समाजकार्यकर्ती भेटत असल्याने मूल हिरावून घेतलेल्या स्त्रीला तेथे तातडीने मार्गदर्शन मिळू शकते. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण अधिनियम, २००५ याच्या एकविसाव्या कलमाखाली दंडाधिकारी तिला मुलाचा तात्पुरता ताबा देऊ शकतात. बेकायदेशीरपणे अडवून ठेवलेल्या मुलासाठी उच्च न्यायालयात बंदी-प्रत्यक्षीकरणाचा अर्ज करता येतो. तुरुंगातील मातेजवळ सहा वर्षांपर्यंतचे मूल राहू शकते. मोठ्या मुलांना जाळीआडून न भेटता प्रत्यक्ष जवळ येता यावे म्हणून महाराष्ट्रातील कारागृहांत ‘गळाभेट’ हा उपक्रम राबविला गेला आहे. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत मूल एका देशात व माता दुसऱ्या देशात, असा पेच पडतो. मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाविषयीच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नसल्याने अशी प्रकरणे भारतीय न्यायालयांत प्रत्येकी स्वतंत्रपणे, मुलाच्या कल्याणाच्या निकषावर निवाडली जातात.

औपचारिक यंत्रणेइतकेच महत्त्व आप्तांना आहे. पित्याकडील आजीने ‘आई येणार आहे, तयार हो’ एवढे सहज म्हटले, तर मुलाची कोंडी निम्मी सुटते. मामा, मावशी, शेजारी, वर्गशिक्षक यांनी कोणाची बाजू न घेता दोन घरांमधला दुवा व्हावे, अशी अपेक्षा असते. समान अनुभवाच्या स्त्रियांचे गट मातेचा एकाकीपणा कमी करतात. मात्र तेथील चर्चा केवळ पतीवरील रोषात अडकून पडणार नाही, ही काळजी घ्यावी लागते.

मर्यादा : प्रत्येक नाते पुन्हा जुळविणे इष्ट असतेच असे नाही. मातेच्या हातून मुलाला गंभीर इजा झाली असेल, व्यसन वा आजार आटोक्यात नसेल, तर भेटी देखरेखीखाली किंवा काही काळ पत्रांपुरत्याच ठेवाव्या लागतात. माता स्वतः पतीच्या हिंसेची बळी असेल तर मुलाची देवघेव तिच्या वा त्याच्या घरी न करता तिसऱ्या सुरक्षित जागी करावी. सावत्र नात्यांची ओळख करून देण्याची घाई करू नये.

भारतीय सज्ञानता अधिनियम, १८७५ याप्रमाणे व्यक्ती वयाच्या अठराव्या वर्षी सज्ञान होते व त्या दिवशी ताब्याचा प्रश्न कायद्याने संपतो. त्यानंतर मातेला भेटावे की नाही, हे कोणताही हुकूमनामा ठरवीत नाही. आधीच्या वर्षांत जो संपर्क राहिला, जी वचने पाळली गेली आणि जे सत्य सांगितले गेले, त्यावरून ते मूल स्वतः ठरविते. ताब्याची लढाई हरलेल्या मातेलाही ही वर्षे उपलब्ध असतात. ती तिला एकटीला काढावी लागू नयेत, हे कुटुंब, न्यायालय आणि समाज यांचे कर्तव्य ठरते.